एक गाडी, एक यादी

उल्हास घाटेला मी वीस वर्षं ओळखतो, आणि त्याच्याविषयी चार बरे शब्द बोलायचे झाले तर मला आधी घोटभर पाणी प्यावं लागतं. त्याला वाईट माणूस म्हणावं, तर तेवढाही दम त्याच्यात नाही. कॅनडातल्या मिल्टनच्या आमच्या सबडिव्हिजनमध्ये त्याच्या घरासारखीच चाळीस घरं आहेत, पण थंडीत बर्फाची कड फूटपट्टीनं आखल्यासारखी सरळ असते ती फक्त याच्या ड्राइव्हवेवर. शेजाऱ्याची कड वाकडी असली तर हा त्याला बाहेर बोलावून ती दाखवतो.

हा १९८८ साली नागपूरहून आला. आधी विंडसर, मग वॉन. दोन्हीकडे गाड्यांचे सुटे भाग करणारे कारखाने आणि दोन्हीकडे याचं काम एकच. समोरून ब्रेकचे पाइप येत राहतात, हा त्यांच्याकडे बघतो आणि कागदावर 'इन्स्पेक्टेड बाय'च्या रकान्यात सही करतो. पाइप कुणीतरी वाकवलेला, कुणीतरी घासलेला, कुणीतरी उचलून समोर ठेवलेला, सही उल्हासची. वीस वर्षं हे केल्यावर त्याला वाटायला लागलं की आपण सही केल्याशिवाय जगात काही घडतच नाही. जेवायला बोलावलं तर पहिला घास घेऊन हा मान डोलावतो आणि म्हणतो, "पास." माझ्या बायकोनं, मृणालिनीनं, तेव्हापासून त्याला घरी बोलावणं सोडलंय.

पक्ष्यांचा नाद त्याला पन्नाशीत लागला. डॉक्टरनं रोज चालायला सांगितलं, आणि ज्यात काही मोजता येत नाही असं चालणं याला जमेना. मग दुर्बीण आली, आठ खिशांचं खाकी जाकीट आलं आणि लॅपटॉपवर एक यादी आली. पक्षी, ठिकाण, तारीख, इन्स्पेक्टेड बाय. शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'यू. जी., यू. जी.' पक्ष्यांवर त्याचं प्रेमबिम काही नव्हतं. गावाबाहेरच्या कड्यावर गिधाडं गिरक्या घ्यायला लागली की आम्ही सगळे माना वर करून उभे राहायचो आणि हा खाली मान घालून रकाना भरायचा.

त्याची बायको, सुनेत्रा वहिनी, स्कूल बस चालवतात. उणे वीसमध्ये सकाळी बसभोवती चक्कर मारायची, दिवे, टायर, इमर्जन्सीचं दार बघायचं आणि पॅडवरच्या कागदावर खुणा करायच्या, हा त्यांचा नेम. त्या बसला आरसेच इतके असतात की नवख्या माणसाला घेरी यावी. वहिनींची नजर त्या आरशांवर तयार झालेली. चाकापाशी वाकलेलं पोर त्यांना दिसतं, तसाच हायवेच्या खांबावर बसलेला ससाणाही दिसतो. उल्हासच्या यादीतले निम्मेअधिक पक्षी आधी वहिनींना दिसलेले होते, हे आमच्या पक्षी बघणाऱ्यांच्या मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं, कारण दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टी कोण बोलतो.

२००८ च्या जुलैमध्ये उल्हासनं दक्षिण आफ्रिकेला जायचं ठरवलं. गाइड नको, जीपवाला नको. गाडी भाड्यानं घ्यायची आणि क्रूगरच्या जंगलात स्वतः चालवत फिरायचं. तीनशे पक्षी हे टार्गेट. त्याला फोटो काढणारा माणूस हवा होता आणि माझ्याकडे नवा कॅमेरा होता. मृणालिनीला विचारलं तर ती म्हणाली, "उल्हासबरोबर एका गाडीत दहा दिवस? रविकांत, तू जा. मी इथेच सुखात राहीन." ती मला नेहमी योग्य सल्ला देते आणि मी तो नेहमी उशिरा समजून घेतो.

जोहान्सबर्गच्या विमानतळावर गाडीची किल्ली हातात आली तेव्हाच पहिला वाद झाला. तिकडे भारतासारखं डावीकडून चालवतात. वहिनींनी सहज हात पुढे केला. बाई रोज बहात्तर सीटांची बस चालवते, तिनं चार सीटांची गाडी मागितली तर त्यात गैर काय?

"तू नाही," उल्हास म्हणाला. "तुझा हात कॅनडाचा आहे. तू ड्रायव्हिंग शिकलीसच तिकडे. मी नागपूरला दहा वर्षं चालवलीय. लेफ्ट माझ्या अंगात आहे."

त्याच्या अंगातलं लेफ्ट पहिल्याच वळणावर दिसलं. तिकडे सिग्नलची दांडी उजवीकडे असते. यानं सवयीनं डावीकडची ओढली आणि कोरड्या काचेवर वायपर फिरायला लागले. पुढचे दहा दिवस प्रत्येक वळणाला आमच्या गाडीचे वायपर फिरले. जुलै म्हणजे तिकडची कोरडी थंडी. आकाशात ढगाचा ठिपका नाही आणि आम्ही काच पुसत चाललोय. समोरून येणारे गोरे म्हातारे आम्हाला हात करायचे. उल्हासला वाटायचं, ते मान देतायत.

पण खरी गंमत दुसरीच होती. स्टिअरिंग धरून बसणाऱ्याला पक्षी दिसत नाहीत. त्याला रस्ता दिसतो, खड्डा दिसतो, हत्तीचं शेण दिसतं. त्या जंगलात गाडीतून उतरायला बंदी, म्हणजे थांबून शोधायचीही सोय नाही. पक्षी दिसणार ते शेजारी बसलेल्या माणसाला, आणि शेजारी वहिनी. पहिल्या दिवशी त्यांनी काच खाली करून आपल्या बाजूचा आरसा जरा बाहेर वळवला.

"काय करून राहिली तू? तो माझा आरसा आहे."

"तुम्ही बघत नाही त्यात," वहिनी म्हणाल्या. "मी बघते."

आणि त्यांना दिसत गेलं. निळ्याजांभळ्या पंखांचा रोलर तारेवर, मत्स्यगरुड वाळक्या झाडावर, धनेशाची जोडी कॅम्पच्या कुंपणावर. त्या हळूच सांगायच्या, हा कचकन ब्रेक मारायचा, धूळ उडायची, पक्षी उडायचा. संध्याकाळी कॅम्पवर लॅपटॉप उघडून हा सगळ्यांपुढे सही करायचा. "मला नीट दिसला नाही" असं तो एकदाही म्हणाला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "एक गाडी, एक यादी. कारखान्यात काय दहा लोक सह्या करतात? इन्स्पेक्टर एकच असतो."

वहिनी हसून सोडून द्यायच्या. त्यांच्यापाशीही एक यादी होती, पण ती बसच्या तपासणीच्या जुन्या पॅडवर, कोऱ्या बाजूला, पेन्सिलीनं. त्यात सही नसायची. पक्षी काय करत होता, एवढंच असायचं.

जंगलाच्या पार उत्तरेला लुवुवू नावाची नदी आहे. तिच्या काठच्या मोठ्या झाडांत मासे पकडणारं एक घुबड राहतं. विटकरी रंगाचं, मांजरापेक्षा मोठं, आणि फार दुर्मीळ. वीस-वीस वर्षं जंगलात येणाऱ्यांनाही ते दिसत नाही. चौदा जुलैच्या सकाळी आम्ही नदीकाठच्या कच्च्या रस्त्यानं चाललो होतो. उल्हास खड्डे मोजत होता. मी मागच्या सीटवर दशमी आणि लसणाची चटणी खात होतो, आणि लेन्सचं झाकण सीटखाली पडलं म्हणून वाकलो होतो.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "मागे घ्या. हळू."

"काय, लेपर्ड?"

"घुबड. आरशात दिसलं."

"घुबडासाठी रिव्हर्स?" असं पुटपुटत त्यानं आधी वायपर चालू केले, मग गिअर शोधला. मागे वळून बघताना त्याची मान दुखायला लागली. गाडी बाजूच्या दगडाला टेकली, तो दगडाला शिव्या घालत राहिला. मी सीटखाली झाकण शोधत राहिलो. या सगळ्या वेळात वहिनी दुर्बीण डोळ्यांना लावून, कोपर खिडकीवर टेकून, श्वासाचा आवाज न करता बसल्या होत्या. चार मिनिटं तरी झाली असतील. मी वर आलो तेव्हा एक फांदी तेवढी हलत होती.

"गेलं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "माझ्याकडे बघितलं हो त्यानं. मान वळवून सरळ माझ्याकडे."

संध्याकाळी कॅम्पवर उल्हासनं यादी उघडली आणि रकाना भरला. मासे पकडणारं घुबड, लुवुवू, चौदा जुलै, यू. जी. तेव्हा वहिनी त्याच्या पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झालेल्या या बाईनं नवऱ्याकडे काही मागितलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"अहो, बाकी सगळे राहू द्या. या एकासमोर माझं नाव लिहा."

"कशाला? आपण सगळे गाडीतच होतो ना?"

"गाडीत होतो. बघितलं मी."

"सुनेत्रा, कॉलमचा फॉरमॅट बिघडतो," तो म्हणाला. आणि त्यानं लॅपटॉप मिटला.

ते घुबड कसं होतं, असं त्यानं तिला विचारलं नाही. रंग, पाय, डोळे, काहीच नाही. विचारलं असतं तर आपण बघितलं नाही हे कबूल केल्यासारखं झालं असतं. मीही विचारलं नाही. मी उल्हासला मनातल्या मनात यथेच्छ नावं ठेवली आणि झोपायला गेलो.

परत आल्यावर उल्हासनं टेंभा मिरवायला सुरुवात केली. तीनशे चार पक्षी आणि वर घुबड. चार महिने त्याच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. शेवटी नोव्हेंबरात मंडळानं लायब्ररीचा हॉल घेऊन त्याचा कार्यक्रमच ठेवला. रविवारी दुपारी साठ-सत्तर माणसं आली, कारण बटाटेवडे होते. हा आठ खिशांचं जाकीट घालून उभा. पडद्यावर उल्हास आणि जिराफ, उल्हास आणि पाटी, उल्हास आणि सिंहिणीची पाठ. फोटो मीच काढलेले, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार? वहिनी मागच्या टेबलावर चहा ओतत होत्या.

घुबडाशी आल्यावर त्यानं लॅपटॉपवरचा हात काढला आणि आवाज खाली आणला. "याचा फोटो नाही. मी मुद्दाम घेऊ दिला नाही. काही क्षण फक्त अनुभवायचे असतात. मी मान वळवली आणि ते माझ्याकडे बघून राहिलं होतं. ते डोळे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पिवळेजर्द."

पुढच्या रांगेत डॉक्टर रवींद्र बसले होते. एकाहत्तर साली इकडे आलेले, त्याआधी दोन वर्षं झांबियात नोकरी केलेली, चाळीस वर्षं पक्षी बघणारे. मंडळाच्या अंकात सभासदांनी पाहिलेल्या पक्ष्यांची यादी तेच छापतात, आणि त्यात नाव येणं ही आमच्याकडे मोठी गोष्ट आहे. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"पिवळे? आर यू शुअर, उल्हास?"

"हंड्रेड पर्सेंट, डॉक्टर."

"रविकांत, तुम्ही पण होतात ना गाडीत? तुम्हालाही पिवळेच दिसले?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. वहिनी किटली खाली ठेवून दोन पावलं पुढे आल्या होत्या. त्यांचं तोंड उघडलेलं होतं. त्या बोलणारच होत्या. मला एवढंच म्हणायचं होतं की डॉक्टर, मी सीटखाली होतो, घुबड वहिनींनी पाहिलं, त्यांना विचारा. पण चार महिने मीही गप्प बसलो नव्हतो. ट्रेनमध्ये, ऑफिसात, पुण्याला फोनवर, सगळीकडे मी ते घुबड पाहिल्याचं सांगत फिरलो होतो. मृणालिनीलासुद्धा. आणि मृणालिनी दुसऱ्या रांगेत बसली होती.

"पिवळेच होते," मी म्हणालो.

डॉक्टर फार सभ्य माणूस. "मग ते हे घुबड नव्हे," ते हळूच म्हणाले. "याचे डोळे काळे असतात. एक माणूस चुकला असता तर मी म्हटलं असतं, लाइटचा खेळ. पण दोघांनाही पिवळे दिसले म्हणजे ते ठिपकेवालं साधं घुबड. तिकडे खूप दिसतं. इट हॅपन्स." मग ते मागे वळले. "वहिनी, तुम्ही पाहिलंत का?"

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. आता त्या 'काळे' म्हणाल्या असत्या तर नवऱ्याला सावरायला ऐकलेलंच परत बोलतायत असं सगळ्यांना वाटलं असतं. हे त्यांना कळलं होतं, आणि आपण काय करून बसलो हे मलाही त्याच वेळी कळलं.

"मी चहा बघते," त्या म्हणाल्या.

कार्यक्रम संपल्यावर मी खुर्च्या उचलत होतो. वहिनी आल्या, पर्समधून बसचं पॅड काढलं आणि एक पान माझ्यापुढे धरलं. वर तारीख, चौदा जुलै. खाली पेन्सिलीनं लिहिलेलं: 'विटकरी. पायांवर पिसं नाहीत. मान वळवून बघितलं. डोळे काळे, भिजवलेल्या चिंचोक्यासारखे.' मी वाचलं. त्यांनी पान मिटलं, पॅड पर्समध्ये टाकलं आणि उरलेले वडे डब्यात भरायला गेल्या. त्या दिवशी मला स्वतःची जेवढी किळस आली तेवढी उल्हासची वीस वर्षांत आली नव्हती.

उल्हासला काही लागलं असेल असं समजू नका. त्यानं घरी जाऊन घुबडाचं नाव खोडलं आणि तिथे ठिपकेवाल्या घुबडाचं टाकलं. शेजारी यू. जी. तसंच. आकडा कमी झाला नाही, त्याला तेवढं पुरलं. ठिपकेवालं घुबड त्या प्रवासात कुणीच पाहिलं नव्हतं. आणि जे पाहिलं होतं ते आता कुठल्याच यादीत उरलं नाही.

पुढच्या वर्षी शाळेला सुट्टी लागली तशी वहिनींनी तिकिटं काढली. दोन, एक स्वतःचं आणि एक त्यांच्या मुलीचं, जाईचं. ती ग्वेल्फला शिकते. उल्हास सांगत होता की आपल्याला कारखान्यातून रजा मिळाली नाही. त्याला कुणी विचारलंच नव्हतं, हे मला जाईकडून कळलं. "मॉम इज ड्रायव्हिंग द होल वे," ती म्हणाली. "आणि आम्ही फक्त त्या एका नदीवर जाणार. नथिंग एल्स."

त्या परत आल्या, पण भेट होईना. घरी गेलो की उल्हास दार उघडायचा आणि वहिनी कामात असायच्या. सप्टेंबरात शाळा सुरू झाली त्या दिवशी मी ट्रेनसाठी चालत निघालो होतो, तर कोपऱ्यावर त्यांची बस उभी. वेळेआधी निघाल्या होत्या, म्हणून थांबल्या होत्या. खाली उतरून फडक्यानं आरसे पुसत होत्या.

"वहिनी, कशी झाली ट्रिप?" मी विचारलं.

"छान झाली, भावजी. गाडी मस्त होती."

"घुबड दिसलं?"

"नाही." त्या आरसा पुसत राहिल्या. "नऊ दिवस त्याच रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ फिरलो. तेच झाड होतं. तीच फांदी होती."

त्यांच्या आवाजात कढ नव्हता, त्यामुळे मला धीर आला. खरं तर त्या वेळी मी माफी मागायला हवी होती. शब्द दहा महिने तयार होते, रोज ट्रेनमध्ये मी ते मनात म्हणून बघत होतो. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"जाऊ द्या वहिनी," मी म्हणालो. "गेल्या वर्षी तरी दिसलं होतं ना."

त्यांनी फडकं थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"कुणाला, भावजी?"

त्यांनी फडक्याची घडी केली, बसमध्ये चढल्या, आणि दार लावून आरसे एकेक करून बघितले. त्यातल्या दोन-तीन आरशांत तरी मी उभा असणार. मग त्यांनी सिग्नल दिला आणि बस काढली.